तंबाखूची सुधारित आवृत्ती

श्रावणातील गोष्ट. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात लीळाचरित्रातील तांबूलाचे उल्लेख समजावून देत होतो, तोच मागच्या बाकांकडून आंब्याचा वास आला. वर्ध्यात श्रावणात आंबा मिळत नाही, आणि मिळालाच तरी तो वर्गात बसून कोणी कापीत नाही. वासाचा माग काढीत गेलो, तेव्हा एका विद्यार्थ्याच्या मुठीत गोलसर कडांची, पिवळ्याकडून निळ्याकडे रंग उतरत गेलेली एक लहानशी वस्तू दिसली. ओळींवर रंग फिरवायचे पेन असावे असे मला वाटले. काय आहे म्हणून विचारले, तर तो उठून उभा राहिला आणि निरागसपणे म्हणाला, "काही नाही जी सर, नुसती वाफ आहे."

ती नुसती वाफ पुढे तीन दिवस माझ्या टेबलाच्या खणात होती. भारतात ई-सिगारेटींवर २०१९ मध्ये बंदी आली. सप्टेंबरात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्या कायद्याने उत्पादन, आयात, विक्री, वितरण, जाहिरात यांबरोबर साठवणुकीलाही मनाई केली आहे. माझ्या खणातील एका नगाला साठा म्हणता येईल की काय, ही शंका मला रात्री अंथरुणावर पडल्यावर आली. असो.

दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले. रागावण्यापेक्षा कुतूहलच अधिक होते, हे कबूल करायला हवे. त्याने ती वस्तू मला एखाद्या ग्रंथाची नवी आवृत्ती दाखवावी तशी समजावून सांगितली. आधीच्या आवृत्तीत झुरके कमी होते, हिच्यात अनेक पटींनी वाढले आहेत. आधीची बॅटरी संपली की वस्तू फेकून द्यावी लागे, हिला खाली चार्जिंगचे भोक आहे. आधी आत किती उरले ते कळत नसे, आता छोट्याशा पडद्यावर थेंबाची आकृती दिसते. आणि चव? आधीचा आंबा 'साखरेच्या पाकासारखा' होता, हा 'खऱ्यासारखा' आहे आणि मागून थंडगार लागतो. मी विचारले, "आणि यात तंबाखूची चव कुठे आहे?" तो दचकला. "तंबाखू? छे जी सर! बाबा खर्रा खातात, त्या वासानं मला मळमळते."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. पुढचा लेख त्याच वाक्याच्या पोटातून निघाला आहे.

अशा यंत्रांची परीक्षणे लिहिणारा एक वर्ग जगभर आहे. दोन संध्याकाळी बसून मी ती वाचली. साहित्याच्या शिक्षकाला त्यांतील परिभाषा ओळखीची वाटावी अशीच आहे. झुरका आत घेताना लागते ती चव वेगळी, सोडताना मागे राहते ती वेगळी, घशाला बसतो तो धक्का वेगळा. अमुक फळ 'अस्सल' की 'कृत्रिम', गोडवा 'अंगावर येणारा' की 'संयत', याची चर्चा आपल्याकडील काव्यपरीक्षणांइतक्याच गांभीर्याने चालते. टरबूज, लिची, जांभळासारखी बेरीफळे, पुदिना, कोला, आणि त्या प्रत्येकाच्या शेपटीला बहुधा 'आइस' हा शब्द. हा गारवा बर्फाचा नसतो. त्वचेतील थंडी ओळखणाऱ्या यंत्रणेला फसविणारी द्रव्ये त्यात घातलेली असतात. या साऱ्या परीक्षणांत एका घटकाविषयी चकार शब्द नसतो, आणि ज्याच्यासाठी हे यंत्र अस्तित्वात आले तोच तो घटक. निकोटीनचा उल्लेख येतो तो टक्क्यांत, चवीच्या परिच्छेदात कधीच नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना जेवणाच्या दृष्टान्ताने उलगडली, हे आपण दरवर्षी शिकवितो. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न जेवणारा त्याचा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक स्थायीभावाचा घेतो. येथे व्यंजने तेवढी आहेत, अन्न नाही. आणि जे आहे त्याचे नाव घ्यायचे नाही.

पण हे नवे आहे का? इतिहास पाहू गेलो तर तंबाखूने आपल्याकडे पहिले पाऊल टाकले तेच मुळी सजून.

मुघल दरबारातील असद बेग हा अधिकारी इ. स. १६०४ च्या सुमारास विजापूरच्या कामगिरीवरून अकबराकडे परतला. पोर्तुगिजांनी आणलेली तंबाखू तोवर दख्खनेत रुळली होती, आणि उत्तरेस ती अजून नवलाची वस्तू होती. असद बेगने आपल्या वृत्तान्तात हा प्रसंग मोठ्या हौसेने लिहून ठेवला आहे. त्याने बादशहापुढे नुसती पाने ठेवली नाहीत. रत्नांनी आणि मीनाकामाने सजविलेली लांब नळी, अकीकाचे मुखपात्र, सोन्याचे जळते पात्र आणि हे सारे रुप्याच्या तबकात मांडलेले. माझे लक्ष मात्र या थाटातील एका लहान वस्तूवर खिळले. आदिलशहाकडून त्याला पानाची एक सुंदर कारागिरीची पिशवी मिळाली होती, आणि तीच त्याने उत्तम तंबाखूने भरून तबकात ठेवली होती. तांबूलाच्या पात्रात तंबाखू! तंबाखूचा आपल्याकडील पुढचा सगळा इतिहास त्या पिशवीत आहे असे मला वाटते.

अकबराने असद बेगचे मन राखण्यापुरते दोन-चार झुरके घेतले. त्याच्या हकिमाने हरकत घेतली. हे औषध अपरिचित आहे, आपल्या वैद्यांनी त्यावर काही लिहिलेले नाही, ते बादशहांना कसे द्यावे, असा त्याचा मुद्दा होता. असद बेगने उत्तर दिले की फिरंग्यांना ते अपरिचित नाही आणि त्यांच्यातही जाणते लोक आहेत. हकीम म्हणाला, आपल्या शहाण्यांनी पारखून पाहिल्याशिवाय परक्यांची रीत का उचलावी? त्यावर असद बेगचा बिनतोड वाटणारा सवाल असा की, जगातली प्रत्येक रीत कधी ना कधी नवीच होती ना? बादशहाला हा युक्तिवाद आवडला, पण त्याने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. दरबारातील उमरावांनी मात्र लावून घेतली, व्यापाऱ्यांनी माल आणला, आणि अकबराचा मुलगा जहांगीर याला १६१७ मध्ये तंबाखूबंदीचा हुकूम काढावा लागला. तो कितपत पाळला गेला, हे पुढच्या चारशे वर्षांकडे पाहून कोणीही सांगेल. गंमत अशी की आजच्या व्हेपच्या वादात दोन्ही बाजूंना एवढ्या वर्षांत नवे फारसे सुचलेले नाही.

लीळाचरित्रात तांबूल आहे, तंबाखू नाही. तेराव्या शतकात ती असणे शक्यही नव्हते. पण तांबूल होता, म्हणजे घर बांधून तयार होते. सुपारी, कात, चुना, लवंग, वेलदोडा, जायपत्री, कापूर अशा तेरा गुणांचा विडा मराठी माणसाला ठाऊक होता. पान देण्याघेण्याचे संकेत ठरलेले होते. तंबाखू आली आणि या तयार घरात भाडेकरू म्हणून राहिली. कालांतराने मालक झाली. भाषेतच पाहा. पानाच्या विड्यावरून 'विडी' हा शब्द आला आणि तो धुराच्या वस्तूला चिकटला. पिवळ्या या अर्थाच्या फारसी शब्दावरून 'जर्दा' आला, म्हणजे चुन्यात-मसाल्यात शिजवून सुगंधित केलेली तंबाखू. अर्क आटवून त्यात केशर-गुलाब मिसळले की किमाम. गुळात कालविली की 'गुडाखू', ज्या शब्दात गूळ आधी येतो आणि तंबाखूचे नुसते शेपूट उरते. छत्तीसगडाकडील ही वस्तू आपल्या पूर्व विदर्भातही दात घासण्याच्या निमित्ताने पोचली आहे. घाटावर बायकांनी तंबाखू भाजून तिची मशेरी केली, तीही दातांसाठीच. शब्दांच्या या रांगेत तंबाखूचे नाव उत्तरोत्तर मागे सरकत जाते. गूळ, केशर, दंतमंजन, आंबा.

अमेरिकेत लॉइड ह्यूज याने १९२०च्या दशकात सिगारेटच्या तंबाखूला पुदिन्याच्या अर्काची, मेंथॉलची जोड दिली. घसा खवखवू नये एवढाच त्याचा लाभ. पण घसा खवखवणे ही शरीराने दिलेली सूचना असते, आणि ती पुसण्याचे काम तेव्हापासून पद्धतशीर सुरू झाले.

आता खऱ्र्याविषयी. खर्रा माहीत नसलेल्या पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. सुपारीची भरड, तंबाखू आणि चुना एका प्लास्टिकच्या कागदात घेऊन पानठेल्यावर तो घोटतात. आमच्याकडे खर्रा 'करीत' नाहीत, 'घोटतात'. वैद्याने मात्रा घोटावी तसा. जर्द्यांची ओळख नावाऐवजी आकड्यांनी पटते, आणि ठरलेला गिऱ्हाईक नुसता दिसला तरी पानठेल्यावाल्याचा हात त्या आकड्याकडे जातो. मी हे दुरून पाहून लिहीत नाही. नागपूरला एम. ए. करीत असताना आणि नोकरीच्या पहिल्या सात वर्षांत मी खर्रा खात होतो. ज्ञानेश्वरीवरील टिपणे मी गालात खर्रा धरून काढलेली आहेत, आणि त्या वह्यांच्या समासात अजून तपकिरी डाग आहेत.

सोडला तो उपदेशाने नव्हे. माझ्याबरोबर एम. ए. ला असलेला एक मित्र एका लग्नात भेटला. पंगतीत तो पुरी कुस्करून, डाळीत भिजवून बोटाने तोंडात सारीत होता. त्याचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हते. गालाच्या आतील आवरण दोरासारखे घट्ट होत जाते आणि जबडा आवळला जातो. या रोगाचे मुख्य कारण सुपारी, आणि विदर्भातील दंतवैद्यांना तो रोजचा आहे. तो मित्र उत्तम काव्यवाचन करीत असे. त्या दिवशी तो माझ्याशी बोलला ते मला नीट समजले नाही आणि मी समजल्यासारखी मान हालविली. घरी येऊन खिशातली पुडी फेकली. लगेच सुटला असे नाही. आणखी तीनदा धरला. पण सुटला.

वर्धा जिल्ह्याला बंदी हा शब्द नवा नाही. गांधीजी १९३६च्या एप्रिलअखेर सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहायला आले, आणि त्या वास्तव्याच्या पुण्याईवर १९७४ पासून हा जिल्हा दारूबंदीचा आहे. बंदीच्या जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला वस्तू आडनावाने मागण्याची सवय बालपणीच लागते, हा आमच्या शिक्षणाचा एक अलिखित भाग. तंबाखूच्या बाबतीत बंदीचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा, आणि आपल्या विषयाला जवळचा. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाला यांवर बंदी घातली. तिचा आधार अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११चे नियम. कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरता येणार नाही, असे ते नियम सांगतात. पुढच्या आदेशांत सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा आणि मावा यांचीही नावे आली. शब्द नीट वाचावा: सुगंधित. साधी तंबाखू दुकानात राहिली, सुगंध बंदीत गेला. कोणा अनाम अधिकाऱ्याच्या कलमातून उतरलेला हा शब्द मला तंबाखूच्या इतिहासावरील एक अचूक टीप वाटतो. पान खाऊन लाल झालेले तोंड आणि गुटख्याच्या चकचकीत पुड्या यांतला फरक त्याला कळला होता. फुलांची, रत्नांची नावे धारण करणाऱ्या त्या पुड्यांनी १९८० नंतर शाळेबाहेरचा पानठेला मुलांना मोकळा करून दिला होता. बंदीचे पुढे काय झाले, ते वर्ध्याच्या कोणत्याही चौकात सकाळी नऊ वाजता उभे राहून ज्याचे त्याने पाहावे.

गांधीजींचे नाव आलेच आहे, तर त्यांच्या आत्मकथेतील बालपणीचा तंबाखूचा प्रसंग आठवावा. आपण तो चोरी आणि प्रायश्चित्ताच्या प्रकरणात वाचतो, त्यामुळे चोरीच ध्यानात राहते. त्यांचे काका सिगारेट ओढीत. ते पाहून मोहनदास आणि त्यांचा एक नातलग यांनाही हौस आली. काकांची थोटके गोळा करून झाली, मग नोकराच्या पैशांतून विड्या घेऊन झाल्या, आणि पैसे पुरेनात तेव्हा एका झाडाची सच्छिद्र देठे ओढता येतात असे कळल्यावर तीही ओढून झाली. या सगळ्याचे कारण सांगताना गांधीजी विलक्षण प्रामाणिक आहेत. धूम्रपानात काही लाभ दिसत होता किंवा त्याचा वास आवडत होता असे नव्हते. तोंडातून धुराचे लोट सोडण्यात काही मजा असावी, एवढीच ती कल्पना होती. राजकोटमधील ती मुले आणि माझ्या वर्गातील मुलगा यांच्यामध्ये सुमारे दीडशे वर्षे आहेत. फरक एवढाच की त्या देठांत निकोटीन नव्हते, म्हणून खेळ खेळावरच थांबण्याची शक्यता होती.

व्हेपचा स्वतःचा इतिहास छोटा आहे. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ मध्ये आजच्या ई-सिगारेटचा पहिला नमुना केला. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणात निकोटीन आणि स्वाद घालायचे, तारेच्या वेटोळ्याने ते तापवायचे, की जळल्यावाचून धूर. पण नुसते निकोटीन जास्त झाले की घशाला झोंबते. त्यावर २०१५ मध्ये बाजारात आलेल्या जूल या अमेरिकी यंत्राने तोड काढली. निकोटीनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार करायचा, म्हणजे मात्रा वाढली तरी झोंबणे कमी. मेंथॉलने १९२०च्या दशकात सुरू केलेले काम येथे पुरे झाले. अमेरिकेने २०२०च्या आरंभी काडतुसांच्या यंत्रांतील फळांचे स्वाद रोखले, पण एकदा वापरून फेकायच्या यंत्रांना त्यातून वगळले. साहजिकच स्वाद तिकडे वळले. पुढे आत रस इतका भरू लागले की रस संपण्याआधी बॅटरी संपे, म्हणून चार्जिंगचे भोक आले. ब्रिटनने १ जून २०२५ पासून असली फेकाऊ यंत्रे बंद केली, तर त्याच बांध्याची, त्याच स्वादांची, चार्ज होणारी आणि पुन्हा भरता येणारी यंत्रे त्यांच्या जागी आली. 'सुधारित आवृत्ती' हा शब्द प्रकाशक कशासाठी वापरतात हे आपणास ठाऊक आहे: मजकूर तोच, मुखपृष्ठ नवे, किंमत वाढलेली.

तरी परीक्षकाने न्याय्य असावे. सिगारेटच्या तुलनेत व्हेप कमी घातक आहे, कारण त्यात डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड देणारे ज्वलनच नाही, आणि इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्ययंत्रणा प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी ते सुचवितातही. हा युक्तिवाद मी फेटाळीत नाही. मात्र तो लंडनहून वर्ध्याला येताना वाटेत सांडतो. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे आढळले आणि २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेणारे. आमच्याकडे सिगारेटची जागा रिकामी करायला व्हेप आले, असे म्हणावे तर सिगारेटच फारशी नाही. खर्रा खाणारा बाप व्हेपकडे वळत नाही. वळतो तो त्याचा मुलगा, ज्याला खऱ्र्याच्या वासाने मळमळते.

गुजरातीत एक जुनी म्हण आहे, तिचा आशय असा: तंबाखू खाणाऱ्याचा कोपरा घाण, ओढणाऱ्याचे घर घाण, हुंगणाऱ्याचे कपडे घाण, तिघे सारखेच. तिन्ही सवयी अंगाबाहेर खूण सोडतात, आणि घरातली माणसे ती खूण वाचू शकत. माझ्या आईने माझा खर्रा उशीच्या अभ्र्यावरच्या डागावरून ओळखला होता. आजवरच्या सर्व सुधारणांनी एकेक खूण पुसली. गुळाने कडवटपणा पुसला, जर्द्याने उग्र वास, मेंथॉलने ठसका. या यंत्राने कोपरा, घर आणि कपडे तिन्ही स्वच्छ ठेवले, आणि आतली लिथियमची बॅटरी तेवढी कुठल्यातरी उकिरड्यावर पाठविली. त्या मुलाच्या आईला त्याच्या खोलीत आंब्याचा वास आला तर ती काय समजेल? बहुधा चॉकलेट, किंवा नवे अत्तर.

तर परीक्षणाचा निकाल. चव: आंबा, पण रायवळ नव्हे, हापूसही नव्हे, पेढीवर मिळणाऱ्या आंबा बर्फीच्या जवळचा. हे मी खण उघडल्यावर आलेल्या वासावरून लिहितो. ओढून पाहिले नाही, आणि सात वर्षे खर्रा खाल्लेल्या माणसाने ते पाहू नये हे मला समजते. बनावट नीटस. पडदा अनावश्यक, पण मुलांना तोच आवडतो.

तिसऱ्या दिवशी तो विद्यार्थी आपणहून आला. वस्तू परत मागायला आला असेल असे वाटले, पण त्याने खणाकडे पाहिलेही नाही. दोन दिवसांपासून झोप लागत नाही, वर्गात बसवत नाही, हातांना काहीतरी हवे असते, असे म्हणाला. तंबाखू खाणाऱ्यांना असे होते हे त्याने ऐकले होते. आपल्याला का व्हावे हे त्याला कळत नव्हते. मी त्या वस्तूच्या पाठीवरची बारीक अक्षरातील टक्केवारी त्याला वाचायला लावली. त्याने ती दोनदा वाचली. मग बराच वेळ गप्प राहून त्याने विचारले, "सर, तुम्ही खर्रा सोडला तेव्हा तोंडात काय ठेवत होते?"

"लवंग," मी म्हणालो. "साधारण वर्षभर. पहिले दोन आठवडे वाईट जातात."

त्याने वहीच्या मागच्या पानावर ते लिहून घेतले.